शॉवरला दाब का नाही? उल्हास नदीपासून न्हाणीघरापर्यंत : एक धागा

१/
गेल्या महिन्यात डोंबिवलीतील आमच्या घरच्या न्हाणीघराचे नूतनीकरण पूर्ण झाले. फरशा नव्या, नळ नवे आणि छताजवळ आठ इंच व्यासाचा चकचकीत शॉवर. पहिल्या दिवशी तोटी फिरवली, तेव्हा त्या मोठ्या तबकडीच्या कडेने थेंब ओघळले आणि मधोमध एक केविलवाणी धार पडली. इतिहासाच्या विद्यार्थिनीने प्लंबरच्या कामात लक्ष घालावे असे त्यात काय होते, ते या धाग्यात सांगते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
हे नूतनीकरण हौसेचे नव्हते. गेल्या पावसाळ्यात आजीचे मनगट मोडले. हाड जुळले, पण भरलेला तांब्या खांद्यापर्यंत उचलणे तिला जमेनासे झाले. स्टुलावर बसून तिला स्वतःची अंघोळ स्वतः करता यावी, एवढ्यासाठी शॉवर बसवला होता. धार पाहून ती म्हणाली, "राहू दे गं, तुझी आई घालेल पाणी." कंत्राटदाराचे निदान एका वाक्याचे होते : "टाकीलाच दाब नाही, पंप बसवून घ्या." बाबांनी पंपाच्या किमती विचारायला सुरुवात केली. मी मात्र दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

३/
आधी तांब्याविषयी. आपल्याकडची पारंपरिक अंघोळ ही दाबाची गरजच नसलेली व्यवस्था आहे. घंगाळात किंवा बादलीत पाणी, हातात तांब्या, खाली मोरी. पाणी वर उचलण्याचे काम दंडाचे आणि ते खाली आणण्याचे काम पृथ्वीचे. विहिरीवर रहाट असो वा चाळीत सार्वजनिक नळ, पाणी बादलीत आले की पुढची सर्व यंत्रणा माणसाच्या हातात असे. पाणी तापवणारा तांब्याचा 'बंब' आपण अस्सल घरचा मानतो, पण हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, आणि त्याचा अर्थ पंप. ठाणे-साष्टीवर दोन शतके पोर्तुगीजांचा अंमल होता, त्याच्या खुणा भाषेत अशा उरल्या आहेत.

४/
शॉवरने हाताचे हे काम काढून घेतले आणि ते दुसऱ्या कोणावर तरी सोपवले. १७६७ मध्ये लंडनच्या विल्यम फीथमने शॉवरचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात पायाखालच्या पात्रातील पाणी हातपंपाने डोक्यावरच्या टाकीत चढवायचे आणि साखळी ओढून ते अंगावर सोडायचे अशी योजना होती. तेच पाणी पुन्हा पुन्हा वर जाई. आज हे हास्यास्पद वाटेल, पण शॉवरचा मूळ नियम त्यात उघडा दिसतो. पाणी अंगावर पडण्यापूर्वी कोणीतरी ते वर नेलेले असले पाहिजे. ते कोणी नेले आणि किती उंच नेले, हा पुढचा प्रश्न.

५/
उंची आणि दाब यांचे नाते सतराव्या शतकात स्पष्ट झाले. इटलीतील टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टाकीच्या छिद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर कसा अवलंबून असतो, हे मांडले. पुढे फ्रान्समध्ये पास्कालने द्रवातील दाबाचा सिद्धान्त पूर्णत्वाला नेला. व्यवहारापुरते एवढे लक्षात ठेवावे : पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. प्लंबर ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते हेच. मग आमच्या न्हाणीघरापर्यंत येणाऱ्या पाण्याजवळ उंची किती असते?

६/
इथे भूगोलाची एक विलक्षण गोष्ट आहे. मावळातील आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे ते पाणी स्वभावतः बंगालच्या उपसागराचे. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधून ते अडवले, पश्चिमेला वळवले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली आणले. १९२२ मध्ये कर्जतजवळच्या भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. वीज निर्माण करून झाल्यावर ते पाणी उल्हास नदीत सोडले जाते. पावसाळा संपला तरी उल्हास वाहती राहते, यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

७/
या उल्हासचे पाणी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका उचलते. मोहिली, बारावे, नेतिवली येथे ते शुद्ध होते. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी देणारी शहाड-टेमघर योजनाही याच नदीवर आहे. बदलापूरजवळचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागाला महामंडळाचे पाणी मिळते. म्हणजे आमच्या नळातले काही थेंब घाटमाथ्यावरून पाचशे मीटरहून अधिक उंचीने खाली आलेले असतात. पण ती सगळी उंची भिवपुरीच्या चक्रांनी वापरून घेतली. पुढे नदीतून जलकुंभापर्यंत ते पाणी पुन्हा विजेवर वर चढवावे लागते.

८/
आणि जलकुंभाने दिलेली उंचीही आपल्या घरात येत नाही. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून बहुतेक सोसायट्यांत ते आधी आवारातील जमिनीखालच्या टाकीत पडते. त्या टाकीत पडताक्षणी त्याचा दाब शून्य होतो. तिथून सोसायटीचा पंप ते गच्चीवर नेतो आणि गच्चीवरून ते आपल्या नळांत उतरते. तेव्हा "महापालिकेच्या पाण्याला दाब नाही म्हणून शॉवर चालत नाही" हे वाक्य अशा इमारतींपुरते चुकीचे आहे. शॉवरचा दाब ठरतो गच्चीतील टाकी आणि शॉवर यांच्यातील उंचीवर. शेजारच्या सोसायटीत जोराने पाणी येते, ही तक्रारही इथे लागू पडत नाही.

९/
मी मोजपट्टी घेऊन गच्चीवर गेले. आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची आणि आम्ही सर्वांत वर. टाकी एक मीटर उंचीच्या ओट्यावर, आत साधारण एक मीटर पाणी. गच्ची ते आमची फरशी २.८५ मीटर. शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर. बेरीज-वजाबाकी केली की उरतात २.७५ मीटर, म्हणजे पाव किलोहून किंचित अधिक दाब. टाकी रिकामी होत आली की त्यातूनही एक मीटर जातो. नव्या शॉवरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते : किमान दाब अर्धा किलो. म्हणजे त्याला पाच मीटर उंची हवी होती. खोके कोणी वाचले नव्हते.

१०/
तळमजल्यावर हाच शॉवर लावला असता तर? तिथे उंची सुमारे अकरा मीटर, आमच्या चौपट. टॉरिचेल्लीच्या नियमाप्रमाणे वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पाणी दुप्पट पडले असते. वरच्या मजल्याला प्रकाश आणि वारा मिळतो, पाण्याचा जोर मात्र खालच्यांना मिळतो. मुंबईलाही हे गणित सोडवावे लागले होते. तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या साष्टी बेटावरील विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, पण मलबार टेकडीसारख्या उंच वस्तीला त्याची पातळी पुरेना. १८७९ मध्ये पूर्ण झालेला तुळशी तलाव विहारपेक्षा उंचावर आहे. त्याचे पाणी टेकडीवरच्या जलाशयात नेता आले.

११/
पण उंची कमी, एवढ्यावर निदान संपत नाही. जुना शॉवर याच टाकीवर, याच उंचीवर बरा चालत होता. टाकी बदलली नव्हती, बदलले होते ते न्हाणीघर. इतिहासात एखादी घटना समजून घ्यायची तर आधी आणि नंतर यांत नेमके काय बदलले, हे पाहावे लागते. मी वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेतले. संडासातला नळ त्याच उभ्या लाइनवरचा, पण नूतनीकरणात न बदललेला. त्याने बादली १ मिनिट ५० सेकंदांत भरली. नव्या न्हाणीघरातील नळाला ४ मिनिटे १० सेकंद लागले. टाकी आणि उभी लाइन निर्दोष ठरली. चोरी नव्या भिंतीच्या आत होत होती.

१२/
दुसरी चाचणी गरम आणि थंड पाण्याची. फक्त गरम पाणी मंद असते तर संशय गीझरवर, म्हणजे त्याच्या तोंडावरचा एकमार्गी वाल्व्ह किंवा खालचा अँगल कॉक यांवर गेला असता. आमच्याकडे दोन्ही सारखेच मंद होते. तिसरी चाचणी भिंतीत दडलेल्या स्टॉप कॉकची. काम करताना तो अर्धवट बंद केला जातो आणि नंतर त्यावर सुबक झाकण बसते. आमचा पूर्ण उघडा निघाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडेही चौकशी केली. त्यांच्याकडे पाणी उत्तम होते, पण त्यांना आमच्यापेक्षा एक मजला अधिक उंची मिळते, म्हणून ही साक्ष मी जपूनच वापरली.

१३/
मग कागदपत्रे. फरशा बसवण्यापूर्वी बाबांनी मोबाइलवर भिंतीची छायाचित्रे काढली होती. तीच आमची अस्सल साधने ठरली. जुनी फांदी पाऊण इंची होती. नव्या कामात सुरुवातीलाच तिला अर्धा इंची नळ जोडला होता आणि तो नळ फरशीच्या नक्षीला अडथळा नको म्हणून सहा एल्बो घेत वळत वळत शॉवरपर्यंत गेला होता. पाऊण इंचाऐवजी अर्धा इंच, यात काय एवढे बिघडले, असे कोणालाही वाटेल. हा प्रश्न पहिल्या शतकातील रोमच्या अधिकाऱ्यांनाही पडला होता.

१४/
इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने लिहिलेला अहवाल आजही उपलब्ध आहे. रोममध्ये खासगी जोडणीच्या मुखाशी ठरावीक मापाची, शिक्का मारलेली कांस्याची तोटी बसवत. फ्रॉन्टिनसला आढळले की काही ठिकाणी तोटी नियमानुसार असली तरी तिच्यामागचा नळ मोठा लावून जास्त पाणी ओढले जाते. म्हणून तोटीनंतर ५० फुटांपर्यंत तिच्याच मापाचा नळ असावा असा नियम होता. तोटी खालच्या पातळीवर बसवली की अधिक पाणी घेते, हेही त्याने नोंदवले आहे. नळाचे माप आणि त्याची पातळी, आमच्या भांडणातले दोन्ही मुद्दे त्यात आहेत.

१५/
यापुढचे गणित एकोणिसाव्या शतकातले. फ्रान्समधील दिजाँ शहरात नळाने पाणी आणणारा अभियंता आँरी दार्सी याने नळांतील प्रवाहावर पद्धतशीर प्रयोग केले आणि १८५७ मध्ये ते प्रसिद्ध केले. नळ जितका अरुंद, लांब आणि आतून खडबडीत, तितकी उंची वाटेतच घर्षणात खर्ची पडते. सारखीच लांबी आणि सारखीच उंची असेल, तर पाऊण इंची नळातून अर्ध्या इंचीच्या सुमारे अडीच ते पावणेतीन पट पाणी जाते. प्रत्येक एल्बो या खर्चात भर घालतो. जुन्या इमारतींतील लोखंडी नळ गंजून आतून कसे निम्मे होतात, हे ज्यांनी कापलेला नळ पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

१६/
दाबाचे सर्वांत स्वस्त निदान मात्र शेवटी सापडले. प्लंबर पुन्हा आले तेव्हा त्यांनी माझ्या विनंतीवरून डायव्हर्टर उघडला. आतल्या जाळीत सिमेंटची बारीक खडी, सीपीव्हीसीच्या कापाचे तुकडे आणि टेफ्लॉन टेपची एक लांब चिंधी अडकली होती. नवे काम झाले की शॉवर आणि नळाच्या जाळ्या काढून लाइन काही वेळ मोकळी वाहू द्यायची असते. काम लवकर आटोपायचे म्हणून हा टप्पा गाळला जातो. जाळी धुऊन बसवल्यावर तीच बादली २ मिनिटे ४० सेकंदांत भरली.

१७/
आमच्याकडे नव्हता, पण अनेक घरांत आढळणारा आणखी एक दोष सांगते. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळ फुरफुरतो, थांबतो, पुन्हा येतो. नळात हवा अडकलेली असते. यासाठी गच्चीवर खाली उतरणाऱ्या लाइनच्या मुखाशी उंच, उघड्या तोंडाचा नळ ठेवतात. गळतीच्या कामात कोणीतरी तो कापून बूच मारतो आणि वर्षभर कोणाला कारण कळत नाही. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. पेशवेकाळात कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या नळावर दगडी 'उच्छ्वास' बांधले होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेल्या नहरीच्या परंपरेतही उंच मनोरे दिसतात. पाण्याला वाट द्यायची तर हवेलाही द्यावी लागते.

१८/
आता पंपाचा प्रश्न. पंप लावला असता तर शॉवर नक्कीच चालला असता. पण आमची उभी लाइन चारही मजल्यांना सामाईक आहे. वरच्या मजल्यावरून पंप ओढू लागला की खालच्या घरांत, विशेषतः सकाळी, पाणी तुटते. खालच्या काकूंच्या नळाचे पाणी आमच्या शॉवरमध्ये आले असते आणि त्यांनाही पंप घ्यावा लागला असता. महापालिकेच्या लाइनवर थेट मोटर लावणे तर अधिक घातक : शेजाऱ्यांचा वाटा जातोच, शिवाय ओढीमुळे फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. फ्रॉन्टिनसच्या रोमात मोठा नळ लावणारा आणि आपल्या गल्लीत मोटर लावणारा यांच्यात फरक फक्त यंत्राचा आहे.

१९/
आजीचा प्रश्न आम्ही असा सोडवला. अर्धा इंची नळ तसाच राहिला, कारण तो बदलायचा तर नव्या फरशा फोडाव्या लागल्या असत्या. आठ इंची तबकडी काढली. तिच्या जागी कमी पाण्यावर चालणारा साधा हँडशॉवर आणला आणि त्याचा आकडा भिंतीवर १.२ मीटरवर, आजी स्टुलावर बसल्यावर डोके येईल त्याच्या थोडा वर बसवला. शॉवर खाली आला तशी टाकीपासूनची उंची २.७५ मीटरवरून ३.६५ मीटर झाली. टाकी उचलता येत नव्हती, म्हणून आम्ही तोटी खाली आणली. एकूण खर्च पंपाच्या किमतीच्या आसपासही गेला नाही.

२०/
तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर याच क्रमाने जावे. आधी बादली आणि घड्याळाने नव्या नळाची तुलना त्याच लाइनवरील जुन्या नळाशी करावी. मग गरम-थंड वेगळे तपासावे. स्टॉप कॉक आणि अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का ते पाहावे. शॉवर काढून नुसत्या नळाची धार पाहावी, जाळ्या धुवाव्यात, बोअरवेलचे पाणी असेल तर शॉवरच्या छिद्रांतील पांढरा क्षार काढावा. टाकीपर्यंतची उंची मोजून ती खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. भिंत फोडणे आणि पंप हे शेवटचे उपाय. आणि काम चालू असतानाच, फरशा बसण्यापूर्वी, भिंतीची छायाचित्रे जरूर काढून ठेवावीत.

२१/
ठाण्यात पोखरण रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ते नाव एका तलावाचे आहे, आणि एकोणिसाव्या शतकात ठाणे शहराला त्याच तलावातून नळाने पाणी मिळू लागले? पाणी नळात आले की ते कुठून, किती उंचीवरून आणि कोणाच्या श्रमाने आले, हे विसरणे सोपे जाते. भिंतीमागचा नळ दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याचे खापर कोणावरही फोडता येते.

२२/
परवा सकाळी न्हाणीघराचे दार बराच वेळ बंद होते. आईने काळजीने हाक मारली. आतून आजीचा आवाज आला, "येऊ नकोस, माझं मी करतेय." बाहेर आली तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली : पितळी तांब्या मोरीत जागच्या जागी ठेवावा, कारण विजेचा काय भरवसा. तिचे म्हणणे रास्त आहे. गच्चीवर पाणी नेणारा पंप विजेवरच चालतो. तांब्या तिथेच ठेवला आहे.

धागा इथे संपवते. तुमच्या इमारतीचे, चाळीचे किंवा गावातल्या जुन्या पाणवठ्याचे काही लक्षात असेल तर खाली जरूर लिहा.